चार पदरी टाका

काचेची बरणी घासताना ती हातातच फुटली आणि एक तुकडा बाईंच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी खोल रुतला. रक्त काही फार आलं नाही. बाईंनी हात नळाखाली धरला, बोट वाकवून पाहिलं, ते वाकेना. हाताच्या शस्त्रक्रिया करण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. आणखी काही तपासायची गरजच नव्हती.

"कंडरा तुटली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गाडी काढ."

कंडरा म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारी पांढरी दोरी. ती त्यांच्या गुरूंनीच जोडली, तेव्हाच्या रीतीप्रमाणे दोन पदरी टाका घालून, म्हणजे तुटलेल्या जागेतून दोऱ्याचे दोनच पदर आरपार नेऊन. टाका सुबक होता. पण बोट आखडू नये म्हणून व्यायाम सुरू केला आणि काही दिवसांतच आत काहीतरी सुटल्याचं बाईंना जाणवलं. पुन्हा ऑपरेशन झालं. या खेपेला कंडरा आजूबाजूला चिकटून बसली. बोट अर्ध्यावर वाकायचं आणि तिथेच अडायचं. पेन धरता येई, चहाचा कप धरता येई. शिवायची बारीक सुई जिच्यात धरतात ती चिमट्यासारखी पकड मात्र धरता येईना.

हॉस्पिटलने त्यांना प्रयोगशाळा दिली. काम त्यांनीच मागून घेतलं होतं: कंडरा जोडायच्या कोणत्या टाक्यात किती ताकद आहे, ते मोजायचं. हाताखाली एक तरुण डॉक्टर मुलगी आली. हात चलाख, तोंड त्याहून चलाख.

खाटकाकडून मेंढीचे पाय यायचे. त्यातली कंडरा सोडवायची, मिठाच्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडात गुंडाळायची, मधोमध कापायची आणि जोडायची. कधी दोन पदरी टाका, कधी चार पदरी, कधी सहा पदरी. वर कडेने बारीक धावदोरा. मग दोन्ही टोकं यंत्राच्या चिमट्यांत अडकवून हळूहळू ओढ द्यायची. जोडात फट कधी पडते आणि टाका कधी तुटतो, तो आकडा यंत्र दाखवी.

मुलगी शिवायची, बाई शेजारी बसून बघायच्या.

"जरा सैल सोड. गच्च आवळलंस की टोकं गोळा होतात."

"कळणार कसं, मॅडम, किती आवळायचं ते?"

बाईंनी आपल्या तर्जनीकडे पाहिलं. दोन टोकं एकमेकांना भेटतात तेव्हा दोऱ्यातून बोटाच्या पेराला एक हलकासा नकार जाणवतो. तिथे थांबायचं. त्याच क्षणासाठी तर त्यांचा जीव तुटत होता.

"कळेल," त्या म्हणाल्या. "शिवत राहा."

घरी टीव्हीसमोर बसल्या की त्यांचे हात उशीच्या गोंड्याचे दोरे टाका घातल्यासारखे ओढत, गाठी मारत. एकदा नवरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, उशीला भूल तरी दिलीस का?"

त्या खळखळून हसल्या. हसता हसता डोळे भरून आले. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि नुसता जवळ सरकून बसला.

एका दुपारी मुलीने कापलेली कंडरा आणि सुईची पकड त्यांच्यापुढे ठेवली. "आज एक तुम्ही घाला ना, मॅडम."

"अगं, माझं बोट..."

"इथे कुठे पेशंट ओरडणार आहे?"

बाईंनी पकड उचलली. तर्जनी ऐकेना, म्हणून मधल्या बोटावर भार घेतला. सुई आत गेली, बाहेर आली. हात सावकाश चालत होता, पण वाट त्याला ठाऊक होती. चौथा पदर ओढला आणि दोन टोकं भेटली, तेव्हा त्या श्वास धरून थांबल्या. अडलेल्या बोटाला काहीच कळलं नाही. अंदाजानेच गाठ मारली.

"राहू दे, यंत्राला लावू नकोस."

"बघू तर खरं." मुलीने चिमटे आवळले होते.

ओढ सुरू झाली. थोड्याच वेळात जोडात फट पडली, एक पदर सटकला आणि बाकीचे सैल पडले. मुलीचा चेहरा पडला. "माझंच चुकलं. मी उगाच..."

"छे गं. यंत्र खोटं कशाला बोलेल?" बाईंनी ती कंडरा वेगळी ठेवली, मोजणीत धरली नाही. मग खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "पण फार बरं वाटलं हातात धरून."

काम संपलं तेव्हा चित्र स्पष्ट होतं. दोन पदरी टाका सगळ्यात आधी हार मानत होता. सहा पदरी सगळ्यात दणकट, पण त्याने जोड जाड होई; बोटात कंडरा ज्या अरुंद नळीतून सरकते, तिथे तो अडकला असता. चार पदर आणि कडेने धावदोरा, हा मेळ बसत होता: बोट लवकर हलवण्याइतकी ताकद, सरकण्याइतका सडसडीतपणा. विभागाने तोच टाका वापरायचं ठरवलं.

पहिला पेशंट आला तो एक बेकरीवाला, पाव कापायच्या यंत्राच्या पात्यावर बोट कापून घेतलेला. ऑपरेशन मुलगी करणार होती. बाईंना फक्त शेजारी उभं राहायचं होतं. तरी त्यांनी कोपरापर्यंत हात घासून धुतले, हातमोजे चढवले आणि हात छातीशी जोडून उभ्या राहिल्या. चौथा पदर ओढताना मुलगी मध्येच थबकली. बाई काही बोलणार, तोच तिने दोरा किंचित सैल सोडला आणि मास्कआडून हळूच म्हणाली, "कळलं, मॅडम."

बाईंना आनंद झाला. आणि त्याच क्षणी तिचा हेवाही वाटला.

काही महिन्यांनी बेकरीवाला शेवटच्या तपासणीला आला. त्याने मूठ मिटून दाखवली, उघडली, पुन्हा मिटली.

"कणीक मळतोय, बाई, पहिल्यासारखी! तुमचे उपकार..."

"माझे कसले? शिवलं हिने."

पण त्याने ऐकलंच नाही. बाईंचा उजवा हात आपल्या बऱ्या झालेल्या हातात धरून तो जोरजोरात हलवत राहिला. पकड भलतीच दणकट होती. आखडलेल्या तर्जनीतून कळ सरळ कोपरापर्यंत गेली. मुलगी पुढे झाली, "अहो, जरा हळू..."

बाईंनी डाव्या हाताने तिला थांबवलं. त्यांना हात सोडवून घ्यावासा वाटेना.