आईचा गुडघा आणि घरातली नाकं

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं जंतू रंगवून त्याची बोटं कायमची जांभळी झाली होती, म्हणून सगळे त्याला जांभळेराव म्हणत. त्याला ते आवडायचंही, हे त्याचं दुर्दैव. कुणी नुसतं "काय चाललंय?" विचारलं की गडी सुरू. काचेवर जंतू पसरायचे, जांभळा रंग ओतायचा, मग स्पिरिटनं धुवायचं. जे रंग सोडत नाहीत ते ग्रॅम-पॉझिटिव्ह. गळवं, घशाची दुखणी, न्यूमोनिया, सगळीकडे या जांभळ्या मंडळींचा हात. ऐकणारा तोवर चपला शोधायला लागलेला असायचा.

तर अशा या विद्वानाच्या आईचा गुडघा बदलला आणि दहाव्या दिवशी टाक्यांमधून पू यायला लागला. सर्जन म्हणाले, "औषधं देतो. तीन आठवड्यांत जखम सुकली नाही तर पुन्हा उघडून सांधा काढावा लागेल." म्हणजे आई अंथरुणाला खिळणार. आई घाबरली नाही, जांभळेराव मात्र पार गळून गेला.

त्यानं स्वतः पू तपासला. द्राक्षांच्या घोसासारखे जांभळे ठिपके दिसले. स्टॅफिलोकोकस! क्षणभर त्याला ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंदच झाला, आणि मग स्वतःची लाज वाटली.

जखमेची पट्टी बदलायचं काम त्यानं पहिल्यापासून आपल्याकडेच ठेवलं होतं. नर्सबाई यायला तयार होत्या, पण यांचा कुणावर विश्वास असेल तर ना! आठवडा गेला, औषधं चालू होती, तरी पू थांबेना. तेव्हा त्यानं जाहीर केलं, "हा जंतू माणसाच्या नाकात मुकाट राहतो. घरातलंच कुणीतरी आईला तो देतंय." बोलताना नजर मेहुण्यावर होती. तो बिचारा महिनाभर राहायला आलेला आणि सकाळी उठून सात शिंका देणारा.

रविवारी त्यानं सगळ्यांना खुर्चीवर बसवून नाकात कापसाच्या काड्या घातल्या. मेहुणा हसला, त्याला दटावलं. बायको म्हणाली, "अहो, तुमचं नाक काय देवानं वेगळं दिलंय?"

"माझं कशाला? मी रोज जंतूंमध्येच असतो," तो म्हणाला. या वाक्याचा अर्थ काय होतो, हे घरात फक्त त्यालाच कळलं नाही. शेवटी तिचं तोंड बंद करायला त्यानं आपलीही काडी घेतली.

प्रयोगशाळेत त्यानं प्रत्येकाची काडी जंतू वाढवायच्या वेगळ्या बशीत फिरवली. दोन दिवसांनी बायकोची बशी स्वच्छ निघाली. मेहुण्याचीही स्वच्छ. जांभळेरावाच्या बशीत सोनेरी ठिपक्यांचं नुसतं पीक; न रंगवलेला स्टॅफिलोकोकस असाच सोनेरी उगवतो. बशांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून त्यानं पुन्हा तपासलं. तेच. कोणत्या औषधाला तो जंतू दबतो आणि कोणत्याला जुमानत नाही, तेही आईच्या जंतूशी तंतोतंत जुळलं. मग त्याला आठवलं: हात धुवायचे, हातमोजे चढवायचे आणि वाकून बघताना चष्मा सावरता सावरता त्याच बोटांनी नाक चोळायचं. तोंडाला मास्क नाही, कारण मास्क नवशिक्यांसाठी. सर्जन औषधानं जंतू मारत होते आणि हा रोज सकाळी ताजा माल पोहोचवत होता.

त्यानं नाकात मलम घातलं आणि पट्टीचं काम नर्सबाईंकडे दिलं. आईला खरं सांगायचं धाडस होईना. "हल्ली काम फार आहे," असं काहीतरी तो पुटपुटला. सहा दिवसांत जखम सुकली. सर्जननी सांधा काढायचा बेत रद्द केला, आणि त्या संध्याकाळी आई काठी घेऊन दारापर्यंत चालली.

तेव्हा त्याला राहवेना. तिच्या पायाशी बसून त्यानं सगळं सांगून टाकलं.

आई शांतपणे म्हणाली, "ठाऊक होतं मला. पट्टी करताना तुझा हात सारखा नाकाला जायचा. दिसायचं रे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या मायेनं करत होतास. टोकलं असतं तर तुला लागलं असतं." तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हटलं, जाऊ दे. एक गुडघाच तर आहे."