बुजवलेल्या तळ्यातले जीव

साहेब, त्या खोलीला कुलूप तुम्ही घातलंत. संशोधन करणाऱ्या बाईंना जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांची यंत्रं कोणत्या विभागाने घ्यायची यावरून तुमची जुंपली होती, आणि ती मिटेपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही, असं तुम्ही फर्मावलंत. यंत्रांना भूक नसते. बरण्यांतल्या जिवांना होती.

मी इमारतीचा वायरमन. तुमच्या दारावरची बेल दुरुस्त करत शिडीवर होतो, म्हणून सगळं कानावर पडलं. बाईंच्या मदतनीस मावशी तुमच्यासमोर उभ्या होत्या.

"जरा वेळ चावी द्या साहेब. उकडलेले गव्हाचे दाणे टाकते, पाणी बदलते, निघते. हवं तर शिपाई उभा करा माझ्यावर."

"आत लाखांची यंत्रं आहेत, मावशी. काही बिघडलं तर?"

"यंत्रांना कोण हात लावतंय? मी जिवांचं बोलतेय."

"एका पेशीचे जीव ते! कुठल्याही डबक्यात ढीगभर मिळतील."

"ते ज्या तळ्यातले, ते बुजवून गाड्या लावायला जागा तुम्हीच केलीत ना?"

तुम्ही फोन उचललात. मावशी निघाल्या.

आम्हीही त्यांना कमी छळलं नाही. 'गांडुळांची आई' म्हणायचो. एकदा त्यांनी मला धरून बसवलं, बरणीमागे काळा कागद लावला. पाण्यात पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे तरंगत होते. त्यांनी काचेवर नख वाजवलं. दोरे गेले, ठिपके उरले. मधलं काही दिसलंच नाही.

"पापणी लवायच्या आत होतं हे," त्या म्हणाल्या. "बाई सांगतात, पेशीत कॅल्शियम कोंडलेलं असतं. धक्का बसला की सुटतं. प्रथिनांचे धागे ते धरतात आणि सगळं अंग आखडतं."

"म्हणजे बटण दाबलं की दिवा."

"दिवा लावणं सोपं रे. ते कॅल्शियम पुन्हा कोंडायचं, तेव्हा अंग सैल होतं. खरी ताकद तिथे लागते. पोटात काही नसेल तर कुठून आणायची?"

तुमची भांडणं मिटली, तोवर चावी तुमच्याच कोणाकडून हरवली होती. शिपाई हातोडा घेऊन आला.

"ठोकू नका! कापा ते कुलूप, कापा!" मावशी जिन्यावरूनच ओरडल्या.

"करवत कुठून आणू आता?" म्हणत त्याने घाव घातले. दार हादरत होतं.

आत सगळ्या बरण्या गढूळ होत्या, कुजका वास येत होता. एका बरणीच्या तळाशी मात्र थोडे ठिपके होते. मावशींनी काळा कागद धरला. शिपाईही वाकला. आम्ही वाट पाहिली. यंत्रं उचलून नेईपर्यंत पाहिली. एकही ठिपका लांबला नाही.

तुम्ही दारातूनच म्हणालात, "मरायचेच होते ते. बरण्या धुऊन टाका."

"मी नाही धुणार," मावशी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. स्टुलावर बसून राहिल्या.

त्याबद्दल तुम्ही त्यांच्याकडे खुलासा मागितलाय: हुकूम का मोडला? त्या काही लिहिणार नाहीत, मला माहीत आहे. म्हणून मी लिहितोय, आणि खुलासा तुमच्याकडे मागतोय. तुमचं भांडण चालू असताना ते दार एकदा उघडलं असतं, तर तुमचं काय गेलं असतं, साहेब? बोला.