प्रभाताईंच्या ट्रंकांमागचे चौदा दिवस

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मित्रांनो, आता माझे दोन सूर बसले आहेत आणि भाता दम्यासारखा घरघरतो, तरी ऐका.

माझा जन्म अहमदनगरचा. चर्चचे पाळक असलेल्या वडिलांनी लेकीला, वासंतीबाईंना, लग्नात मला दिले. १९५२ साली मी त्यांच्या संसाराबरोबर जयपूरला, सोडाला भागातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आले. तिथल्या ख्रिस्ती देवळात उपासना हिंदीतून चाले. म्हणून मराठी गीतांसाठी शनिवारची संध्याकाळ घरी राखलेली असे. वासंतीबाई सूर धरीत, भाता मात्र लेकीचा. विभा सारखी बजावी, "आई, भात्याला हात लावायचा नाही हं!" आणि असा जोर लावी की मी धापा टाकत असे. काय सुखाचे दिवस होते ते!

१९६१च्या उन्हाळ्यात विभा विषमज्वराने गेली. नऊ वर्षांची पोर हो!

सगळे दफनभूमीत गेले, तेव्हा शेजारच्या प्रभाताई किल्ली घेऊन घर आवरायला आल्या. त्या साताऱ्याकडच्या, मनाने लोणी. मला पाहून म्हणाल्या, "सुतकाच्या घरात ही डोळ्यांसमोर नको गं बाई." आणि मला उचलून त्यांनी आपल्या ट्रंकांमागे ठेवले.

भिंत एकच होती, मला सारे ऐकू येई. संध्याकाळी मंडळी प्रार्थनेला जमली, पेटीवाचूनच गायली. त्यात वासंतीबाईंचा आवाज नव्हता. पेटी नवऱ्याने, श्रीपादरावांनी, हलवली असे त्यांना वाटले; श्रीपादरावांना वाटले, हिनेच. एकमेकांना जपण्यापायी दोघांनीही विचारले नाही. वासंतीबाईंनी गाणे सोडले, प्रार्थना सोडली. एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "देवाला हाक मारायला तोंडच उघडत नाही हो." आणि मी पलीकडे ट्रंकांमागे मुकी पडलेली! जीव तुटत होता माझा.

चौदाव्या दिवशी प्रभाताई पिठलं-भाकरी घेऊन गेल्या आणि त्यांनी हळूच विचारले, "वहिनी, सुतक फिटलं ना आता? पेटी आणून देऊ?"

"पेटी तुमच्याकडे आहे?" वासंतीबाई उठूनच उभ्या राहिल्या. "अहो ताई, आमच्यात मरणाच्या दिवशीच गातात. तोच तर आमचा धीर."

"अगं बाई! काय करून बसले मी हे!" प्रभाताई धावत आल्या आणि मला छातीशी धरून घेऊन गेल्या.

वासंतीबाईंनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. डावा हात मात्र भात्याकडे जाईना. ती जागा विभाची होती. मग प्रभाताई माझ्यामागे बसल्या. जन्मात पेटीला हात न लावलेली ती बाई भाता हलवू लागली, वेडावाकडा, धसमुसळा. मी कशीबशी वाजले. दुसऱ्याच ओळीला वासंतीबाईंचा आवाज फुटला आणि चौदा दिवसांत प्रथमच त्या हमसून रडल्या. म्हणाल्या, "प्रभू येशू, ती तुझ्यापाशी आहे ना? मग मलाही धर." आणि पुढची ओळ त्यांनी सबंध गायली.

पुढे आठ वर्षे, श्रीपादरावांची बदली होईपर्यंत, प्रभाताई दर शनिवारी यायच्या. विभाची उणीव भरली नाही. ती कशी भरणार? पण घरात गाणे राहिले.

मित्रांनो, दुःखाच्या घरी गेलात तर काही उचलण्याआधी एकदा विचारा. आणि मला कधी पॉलिशला दिलेत, तर एवढे करा. माझ्या भात्याच्या फळीवर प्रभाताईंच्या बांगड्यांचे ओरखडे आहेत. ते घासू देऊ नका.