एका माणसापुरतं घर

मित्रांनो, माळ्यावर ट्रंकेमागे एक खाकी बोचकं पडलेलं आहे ना, ते मी. मी एक जुना तंबू आहे, एका माणसापुरता. त्या एकालाही पाय लांब करायचे तर ते दारातून बाहेर काढावे लागतात. पण ज्यांनी मला शिवलं त्यांनी मला कधी तंबू म्हटलं नाही. ते मला घर म्हणत.

माझा जन्म १९४६ सालचा, नगरजवळच्या भिंगारचा. फिलिपबाबा तिथे छावणीतल्या शिपायांचे कपडे शिवत. लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं कापड बाजारात आलं, त्यातून त्यांनी मला निवडून आणलं. त्यांचा मुलगा शलमोन नगरला शाळेत मास्तर होता. दिवाळीच्या सुट्टीत एकट्याने सायकलवरून कोकणचा किनारा बघायचं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याची आई मरियाबाई म्हणे, वाटेत धर्मशाळेत उतर आणि तिथला पत्ता आम्हाला देऊन ठेव. फिलिपबाबांना ते मुळीच पटेना. तरुणपणी नगरकडच्याच अकोल्याच्या डोंगरात त्यांनी भर पावसात एका घरी ओसरी मागितली होती. घरच्यांनी नाव विचारलं, मग ख्रिस्ती होण्याआधी कोण होतात ते विचारलं, आणि दार लावून घेतलं.

मला शिवताना बाबा मधेच थांबून खोकत. उबळ गेली की मशीन पुन्हा सुरू. डॉक्टरांचं नाव काढलं की मरियाबाईंवर डाफरत आणि पोराला यातलं काही सांगायचं नाही अशी तंबी देत. निघायच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं.

"कुनाच्या वसरीवर जाऊ नगंस, शलमोन," ते म्हणाले. "आदी नाव इचारत्यात, मंग जात इचारत्यात. ह्ये तुजं घर हाय. संगं ने."

सोळा दिवस आम्ही हिंडलो. खरं सांगतो, मला सायकलीचा हेवा वाटे, कारण वाटेतली माणसं तिच्याकडेच बघायची. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर. चढ आला की शलमोन उतरून सायकल ढकलायचा. उतार संपतो न संपतो तोच खाडी आडवी यायची, मग सायकल होडीत आणि तिच्यावर मी. वाटेतल्या एका गावाहून त्याने घरी खुशालीचं कार्ड टाकलं. दिवस मावळायच्या आत तो माडांच्या कडेला बाभळीच्या खुंट्या ठोकायचा आणि तीन दगडांवर भात शिजवायचा. माझ्या शिवणीत वाळू भरली, दोर कधी सुकले म्हणून नाहीत. तरी तो आत शिरून आडवा झाला, की सुटल्यासारखा श्वास सोडायचा. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

हर्णैच्या पुढे एका वाडीत आभाळ भरून आलं. तिथले एक म्हातारे मास्तर रस्त्यापर्यंत आले. आमच्या पडवीत पथारी टाका, म्हणाले, चार दिवस राहा, घरी इथला पत्ता कळवा. त्यांनी नाव विचारलं नव्हतं. पण आता विचारतील, असं शलमोनला वाटलं. "माझं घर आहे माझ्याबरोबर," असं हसून सांगत तो पुढे निघाला. त्या पावसात मी अजिबात गळलो नाही.

आम्ही भिंगारला परतलो तेव्हा मरियाबाई दारातच बसल्या होत्या. फिलिपबाबांना दोन दिवसांपूर्वी माती दिली होती. आठ दिवस ते अंथरुणाला खिळून होते. शलमोन सायकल धरून तसाच उभा राहिला. मला का बोलावलं नाही, एवढंच त्याने विचारलं.

"कुठं बोलवायचं?" त्या म्हणाल्या. "तुजं कार्ड जिथनं आल्तं त्या गावाला तार केली. ती परत आली. ह्या नावाचा मानूस हितं कुनाच्याबी घरी उतरला न्हाई, म्हनं."

त्या उठून सायकलजवळ आल्या. "त्यास्नी सांगितलं तवा हासले. म्हनले, बरं झालं. पोराला कुनाच्या दारात हुबं ऱ्हावं लागलं न्हाई."

शलमोनने माझे दोर सोडले, मला छातीशी धरलं आणि लहान मुलासारखा रडला. तो पुढे कुठे गेला नाही. मलाही कुणी उघडलं नाही. एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे.

मित्रांनो, आपली गोष्ट संपवताना आम्ही जुन्या वस्तू आम्हाला जपा म्हणून विनवतो. माझं मागणं वेगळं आहे. तिन्हीसांजेला कुणी तुमच्या दारी रात्रीपुरती जागा मागितली, तर नाव विचारायच्या आधी त्याला आत घ्या. म्हणजे कुठल्या बापाला खोकत खोकत माझ्यासारखं घर शिवत बसावं लागणार नाही.