सहाशे दहा ग्रॅम

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. छताच्या कडीला टांगायचा, वजन करायचा. खाली परातीसारखं पारडं, वर गोल काचेची तबकडी आणि तिच्यात एक लाल सुई. ज्या कारागिरानं माझ्यात स्प्रिंग बसवली, त्यानं मला तीनदा झुलवून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हा सरळ निघाला बघ. चांगल्या दुकानात जाईल."

माझे भाऊबंद खरंच दुकानांत गेले. कुणी साखर तोलली, कुणी खिळे. मी मात्र एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत पोचलो, शवविच्छेदनाच्या खोलीत.

घाबरू नका. चालतं-बोलतं माणूस अचानक गेलं आणि का गेलं ते कुणालाच कळेना, की त्याला तिथं आणत. डॉक्टर त्याचं शरीर आतून तपासून कारण शोधत. हृदय, फुफ्फुसं, यकृत यांचं वजन सांगणं हे माझं काम. मोठ्या माणसाचं निरोगी हृदय साधारण तीनशे ग्रॅम भरतं, एका मोठ्या सफरचंदाइतकं. एवढ्याशा गोष्टीवर सगळा संसार चालतो, याचं मला फार नवल वाटायचं.

खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या मदतनिसाला सगळे मामा म्हणत. मामा रोज सकाळी फरशी धुऊन झाली की माझ्या पारड्यात एक किलोचं वजन ठेवायचे आणि सुई नीट थांबते का ते पाहायचे. "इथलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही," ते म्हणायचे, "म्हणून काय आपण काटा मारायचा?"

आणि आमच्या डॉक्टरीणबाई! कामाला हात घालण्याआधी त्या समोरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणायच्या, "थोडा त्रास देते हं." इतकी वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे. त्यांच्या हाताखाली मी किती गोष्टी शिकलो! एका शिक्षकांच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती. घरच्यांना वाटलं होतं, पित्त झालंय. एका शिंपीणबाईंच्या डोक्यातली बारीकशी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली होती. एका खानसाम्याच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती सरकत सरकत फुफ्फुसात जाऊन अडकली. बाहेर लोक काहीबाही बोलायचे. नजर लागली म्हणायचे, विषाचा संशय घ्यायचे. बाई मात्र कारण सांगायच्या, आणि घरची माणसं रडत का होईना, पण शांत होऊन जायची.

त्या सगळ्यांत एक दिवस माझ्या मनातून जात नाही.

दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर आणला होता. वय छत्तीस. नखांत निळा रंग अजून तसाच होता. सोबतच्या हवालदारानं हकीकत सांगितली. पेंटर शिडीवर उभा राहून पाटी रंगवत होता, धाकटा भाऊ खाली शिडी धरून होता. पेंटर वरून कोसळला तो उठलाच नाही.

"लोक म्हणतात, भावानं हात सोडला," हवालदार म्हणाला.

"आणि भाऊ काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

"तोही तेच म्हणतो. सकाळपासून एकच, मीच मारलं दादाला."

आमच्या खोलीला लागून बाईंची छोटी कचेरी होती आणि मधलं दार उघडंच असायचं. तिथं तो भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तिशी नुकतीच ओलांडलेली, अंगावर रंगानं माखलेला सदरा. खुर्चीवर पेंटरची बायको बसली होती, तोंड फिरवून.

"रंगाचा डबा वर द्यायला वाकलो," भाऊ सांगत होता. "तेवढाच वेळ हात सुटला. शिडी हलली असणार. वहिनी, मी..."

वहिनीनं मान वळवली नाही.

बाईंनी तपासणी सुरू केली. मामांनी हृदय माझ्या पारड्यात ठेवलं. माझी सुई तीनशेपाशी थांबेल असं सगळ्यांना वाटलं. ती चारशेच्या पुढं गेली, पाचशेच्या पुढं गेली आणि सहाशे दहावर थांबली.

"काटा बिघडला वाटतं," मामा म्हणाले. त्यांनी हृदय उचललं, पारडं पुसलं, किलोचं वजन ठेवलं. सुई बरोबर एक किलोवर. पुन्हा हृदय ठेवलं. पुन्हा सहाशे दहा.

"काटा बरोबर आहे, मामा," बाई म्हणाल्या. "हृदयच दुप्पट आहे."

त्यानंतर त्या किती तरी वेळ वाकून पाहत होत्या. हृदयाची मधली भिंत भलतीच जाड झाली होती. पेंटरच्या डोक्याला खोक पडली होती, पण तिच्या आसपास रक्त जवळजवळ नव्हतंच. दुसरी कुठलीच जीवघेणी जखम त्यांना सापडली नाही. मग त्यांनी हात धुतले आणि कचेरीत जाऊन आधी त्या भावाला खाली बसवलं.

"नीट ऐका. तुमचा दादा शिडीवरून पडून गेला नाही. तो आधी गेला आणि मग पडला. जिवंत माणूस असा आपटला, तर खोकेतून भळाभळा रक्त येतं. याचं हृदय शिडीवरच थांबलं होतं. तुम्ही शिडी दोन्ही हातांनी धरली असती, तरी हेच झालं असतं."

तो ओंजळीत तोंड घालून लहान मुलासारखा रडला.

"हृदयाची भिंत जाड होत जाण्याचा हा आजार काही घराण्यांत चालत येतो," बाई पुढं म्हणाल्या. "तुमचे वडील आहेत का? नसतील, तर कसे गेले?"

उत्तर वहिनीनं दिलं. "सासरे बुटाची नाडी बांधता बांधता गेले म्हणतात. चाळिशीसुद्धा नव्हती. या घरच्या पुरुषांना आयुष्यच कमी, असं सासूबाई म्हणायच्या."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कधी चक्कर येते? धाप लागते?" त्यांनी भावाला विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

तेव्हा वहिनीनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "भाऊजी, खरं सांगा की! जिन्यात दोनदा पडलात. ह्यांना सांगू नका म्हणून मला शपथ घातलीत."

"दादानं काम बंद केलं असतं, वहिनी."

"आज झालं त्यात तुमची चूक नव्हती," बाई म्हणाल्या. "पण आता तपासून घेतलं नाहीत, तर ती मात्र तुमचीच." त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. "आणि ताई, तुमची मुलं?"

"एक मुलगी आहे. चार वर्षांची."

"तिलाही दाखवा. तिला दर थोड्या वर्षांनी तपासावं लागेल."

"जाईन," भाऊ डोळे पुसत म्हणाला. "तेवढी पाटी पुरी करतो. दादानं शब्द दिलाय दुकानदाराला."

वहिनी उठली. चिठ्ठी तिनं स्वतःच घेतली. "पाटी राहील अर्धी. उद्या सकाळी मी येते तुमच्याबरोबर."

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. आकडे दाखवणारा विजेवरचा काटा आला आणि मला काढून कपाटावर ठेवलं. माझ्या तबकडीवर धूळ बसली. कोळ्यानं माझ्या साखळीवर जाळं विणलं. नवी माणसं मला ओळखतही नव्हती. फक्त मामा, केस पार पिकलेले, कधीमधी वर पाहून म्हणायचे, "काय रे, बरा आहेस ना?"

परवा दुपारी दारात दोघं उभी राहिली. पन्नाशीचा एक माणूस आणि एक तरुण मुलगी. मामांनी त्याला लगेच ओळखलं नाही. "मी त्या पेंटरचा भाऊ," तो म्हणाला, आणि मग त्यानं सदऱ्याचं वरचं बटण काढून गळ्याच्या हाडाखालचा छोटा उंचवटा दाखवला.

"यंत्र बसवलंय आत. हृदय थांबायला लागलं की हे झटका देतं. दोनदा परत आणलंय मला." आणि हसून म्हणाला, "गाढवानं लाथ मारावी तसं लागतं, पण तक्रार नाही. ही आमची पुतणी. हिचंही हृदय थोडं जाड आहे, पण वेळेवर कळलं. गोळ्या चालू आहेत, वकिलीही चालू आहे."

बाईंना भेटायला आले होते दोघं. बाई आता दूरगावी लेकाकडं असतात, हे मामांनी सांगितलं. मुलगी जराशी घुटमळली.

"मामा, तुम्ही होता ना त्या दिवशी? बाबांना पडताना खूप भीती वाटली असेल का?"

मामा तिच्याजवळ गेले. "नाही पोरी. बाई तेव्हा मला म्हणाल्या होत्या, पडल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. तो पाटी रंगवता रंगवता गेला."

काकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं उन्हात निघून गेली. मामा दारात उभे राहून त्यांच्याकडे पाहत राहिले.

मित्रांनो, मी जे तोललं ते सगळं उशिरा तोललं. तुमच्याजवळ मात्र वेळ आहे. मोठी माणसं दुखणं लपवतात. छातीत जड वाटलं तर पित्त म्हणतात, चक्कर आली तर ऊन लागलं म्हणतात. तुम्ही घरातले लहान, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांचा हात धरा, हट्ट करा, रुसून बसा, पण त्यांना डॉक्टरकडे न्या. आणि आपल्या घरात कोण कसं गेलं, हे आजी-आजोबांना जवळ बसून विचारा. ती सगळी हकीकत डॉक्टरांना सांगा.