एक्केचाळीस दुरुस्त्या

काकांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर मुद्रितं थांबली, तपासणं थांबलं नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा ते दुरुस्त करून मगच औषध घेत.

काकूंनी तीस वर्षांपूर्वी शेवाळावर एक पुस्तक लिहिलं होतं, टीव्हीला जोडायच्या घरगुती कॉम्प्युटरवर. बारा प्रकरणं एका फ्लॉपीत मावेनात, म्हणून त्यांनी ती कॉम्प्रेस करून एकाच फाईलमध्ये कोंबली होती. कागदावरची प्रत घर बदलताना रद्दीत गेली. ती कुणी टाकली, याबद्दल घरात दोन मतं होती. आता एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाला होता आणि त्याला मजकूर सोमवारपर्यंत हवा होता.

जुनी यंत्रं दुरुस्त करणारी पुतणी शनिवारी सकाळी आली. फ्लॉपीला बुरशी लागलेली. "ही एकदाच वाचली जाईल, काकू," ती म्हणाली. झालंही तसंच. केबलवरून फाईल लॅपटॉपवर उतरली आणि फ्लॉपीनं मान टाकली. फाईल उघडणारा प्रोग्राम मात्र जुन्या कॉम्प्युटरवरच चाले, म्हणजे ती नव्या फ्लॉपीवर घालून परत तिकडे न्यायची होती. कोऱ्या फ्लॉप्या आणायला पुतणी दुकानात गेली. जाताना म्हणाली, "काका, हात लावू नका."

काकांनी हात लावला नाही, फक्त डोकावून पाहिलं. पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा. मध्येच उलटे स्वल्पविराम, कंस, एकावर एक टिंबं. बायकोचं लिखाण प्रकाशकाकडे या अवस्थेत जाणार, हे त्यांच्यानं बघवेना. तासाभरात त्यांनी जमेल तेवढं साफ केलं आणि सेव्ह केलं.

परत आल्यावर पुतणीनं आधी आकडा पाहिला. सकाळी एक लाख चार हजार दोनशे सतरा बाइट होते. आता एक लाख चार हजार एकशे शहात्तर.

"एक्केचाळीस कमी आहेत. काका?"

"अगं, निरर्थक खुणा होत्या. अर्थाला कुठंही धक्का लावलेला नाही."

"त्या खुणा म्हणजेच पुस्तक होतं, काका!"

ती याहून जास्त ओरडली नाही. दुसरी प्रत काढून ठेवायला हवी होती, हे तिलाही कळत होतं.

"मी काही अडाणी नाही," काका दुखावून म्हणाले. "खाडाखोडीची नोंद ठेवल्याशिवाय मी पेन चालवत नाही." त्यांनी यादी पुढे केली. कितवी ओळ, कितवं अक्षर, काय काढलं; सगळं सुवाच्य. पुतणीनं त्यांच्याकडे पाहिलं ते जरा आदरानंच. मग काका वाचत गेले, ती एकेक खूण परत घालत गेली. काकू मध्ये बसून मोजत होत्या.

"अडतीस," काकू म्हणाल्या. "उरलेल्या तीन?"

काकांनी चष्मा पुसला. "शेवटी शेवटी फारच होत्या. लिहायचा कंटाळा आला."

"कुठं काढल्या, आठवतंय?"

"चुकीचं काही असतं तर आठवलं असतं," काका म्हणाले.

फाईल जुन्या कॉम्प्युटरवर गेली. पडद्यावर प्रकरणांचे आकडे एकाखाली एक उतरू लागले आणि प्रत्येकापुढे 'ठीक' उमटू लागलं. अकरापर्यंत ठीक. बाराव्यापुढे 'खराब' आलं आणि यंत्र थांबलं. पुतणीनं तीन खुणा अंदाजानं घालून पाहिल्या, संध्याकाळपर्यंत. मग तिनं केबल गुंडाळली.

काकूंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "बारावं मी उद्यापर्यंत नव्यानं लिहिते. तेव्हापेक्षा आता मला शेवाळ जास्त कळतं."

"मग सोमवारी सकाळी मी एकदा नजर—" काका म्हणाले.

"प्रकाशकाकडे माणूस आहे त्या कामाला," काकू म्हणाल्या आणि पहिली ओळ टाइप करू लागल्या.

काका शेजारी बसून राहिले. त्या ओळीत एक चूक होती. ते काही बोलले नाहीत.