डीव्हीडी प्लेअरवर आलेला आळ

मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्या जणांनी माझ्यासारखा डीव्हीडी प्लेअर पाहिलाही नसेल. पाहिला असलाच, तर माळ्यावर, धुळीत. मी मात्र अजून टीव्हीखाली ऐटीत बसतो! आखातातल्या जिदहफ्स गावी, विल्फ्रेडच्या घरात मला बारा वर्षं झाली. विल्फ्रेड मूळचा वसईचा, सित्रातल्या एका कारखान्यात सेफ्टी इन्स्पेक्टर. बायको मेबल सीफच्या एका हॉटेलात कामाला. लेक जेनिस सहावीत.

सुरुवातीला माझ्या पोटात मारामारीचे सिनेमे आणि वसईतल्या लग्नांच्या चकत्या फिरायच्या. मग पोलंडचा एक इंजिनिअर मायदेशी परतताना विल्फ्रेडला तिकडच्या सिनेमांच्या पिशवीभर चकत्या देऊन गेला. अरे, काय सांगू! ना गाणी, ना हाणामारी. करड्या इमारती, बर्फ, आणि गप्प बसलेली माणसं. पहिल्यांदा वाटलं, आपलाच आवाज गेला की काय! पण हळूहळू मला चटक लागली. ती माणसं भलतेच प्रश्न विचारायची. चांगल्या माणसाच्या वाट्याला दुःख का येतं? देव ऐकतो, तर बोलत का नाही? कुणी पाहिलं नाही, तरी पाप लागतं का? उत्तर मात्र कुणीच द्यायचं नाही. मला बापड्याला आठवडाभर चैन पडायचं नाही.

दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आल्यावर जेवणं आटोपली की सिनेमा लागायचा. शेजारचे जयप्रकाश न चुकता यायचे. ते पुण्याचे, देव न मानणारे, आणि मेबल रोज प्रार्थना करणारी. दोघांची अशी जुंपायची की मला पुढचा सिनेमा सुरूच होऊ नये असं वाटायचं.

गेल्या महिन्यात कारखान्यात ताहिर नावाचा जुना फिटर परांचीवरून पडला. पाय मोडला. ती परांची तपासल्याची सही विल्फ्रेडची होती. घरी कुणी नसताना तो सोबत काम करणाऱ्या प्रशांतला फोनवर म्हणाला, "अरे, मी वर चढलोच नव्हतो. खालूनच सही केली. आता बोललो तर माझं खलास!" चौकशीत सगळा दोष ताहिरच्याच निष्काळजीपणावर जात होता. रविवारी निकाल, की त्याची गावी रवानगी. घरात हे विल्फ्रेडखेरीज फक्त मला ठाऊक होतं. आणि मला तोंड कुठलं?

निकालाच्या आधीच्या शुक्रवारी नेमका ट्राम चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा सिनेमा लागला. अपघात त्याच्या चुकीने होतो, तुरुंगात जातो दुसराच. शेवटी म्हातारा कोर्टाच्या दारापाशी येतो, कडीला हात घालतो आणि चित्र थांबलं!

मी नव्हतं थांबवलं, मित्रांनो. रिमोट विल्फ्रेडच्या मांडीवरच्या उशीखाली होता.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

जयप्रकाशांनी माझ्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच थांबलं.

"बरं, पण म्हातारा आत जाईल का?" जयप्रकाशांनी विचारलं.

"जाणारच," मेबल म्हणाली. "देव बघतोय ना."

"देव कशाला हवा? तुरुंगातला माणूस पुरे आहे की!"

विल्फ्रेड खाली मान घालून बसला होता. मेबल मात्र माझ्यावरच वैतागली. "जुनं झालंय मेलं. उद्या भंगारात देऊन टाकते."

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. बारा वर्षं राबलो, त्याचं हे फळ?

तेवढ्यात जेनिस मध्ये पडली. "बट मम्मा, इट वर्क्स! काल मी कार्टून पाहिलं."

"तू गप्प बस!" विल्फ्रेड तिच्यावर खेकसला. तो लेकीवर कधी आवाज चढवत नसे.

पोरीचे डोळे भरले. "इट डिडन्ट डू एनिथिंग, डॅडी."

विल्फ्रेडने उशीखालचा रिमोट काढून समोर ठेवला. "याचा दोष नाही. मीच थांबवत होतो." आणि त्याला रडूच फुटलं. ताहिरची सगळी हकीकत त्याने सांगून टाकली.

मेबलने त्याला जवळ घेतलं नाही, की बोलही लावला नाही. तिने फोन आणून त्याच्या हातात दिला.

हॉस्पिटलात ताहिरने फोन उचलला. "ताहिरभाई," विल्फ्रेड म्हणाला, "मैं ऊपर चढा ही नहीं था. गलती मेरी है."

मेबलने फोनचा स्पीकर लावला.

"मालूम है, भाई," ताहिर म्हणाला. "मैं बाजू में ही खडा था. मेरी कौन सुनता? आपकी राह देख रहा था."

रविवारी विल्फ्रेडने सगळं लेखी दिलं. त्याचं इन्स्पेक्टरचं काम गेलं, आता तो स्टोअरमध्ये बसतो. ताहिर मात्र इथेच राहिला.

मित्रांनो, घरात काही बिघडलं, तर त्याच्या डोक्यात थापटी मारण्याआधी आपला हात कुठे होता ते जरा बघा. आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आणि ज्यांना येतं, त्यांचंही कुठे कुणी ऐकतं?